रविवारची पिशवी : टोकियोच्या रस्त्यावरचे कपडे आणि ते घालणारी मुलं



आजचा विषय रंगीत आहे. जपानमधल्या तरुण मुलामुलींची रस्त्यावरची फॅशन. हाराजुकू हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. गुलाबी केस, फुगवलेले झगे, डोक्याला पन्नास क्लिपा लावलेल्या मुली, असे फोटो फोनवर कधी ना कधी डोळ्यांखालून गेले असतील. ते पाहून आपल्याकडे सहसा दोनच उद्गार निघतात. एक, 'हे जपानी लोक विचित्रच', आणि दुसरा, 'अय्या, किती गोड'. दोन्ही उद्गारांतून त्या मुलांबद्दल काहीही कळत नाही. म्हणून आज मी कपड्यांबरोबर आणखी एका गोष्टीकडे बघणार आहे. हे कपडे घालून उभं राहायला त्या मुलांना जागा कोणी दिली, आणि ती कोणी काढून घेतली?

सुरुवात हाराजुकूपासून नाही, गिंझापासून करू. १९२३च्या सप्टेंबरमध्ये टोकियो शहर भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगींनी होत्याचं नव्हतं झालं. शहर पुन्हा उभं राहत होतं. तेव्हा कोन वाजिरो नावाचे वास्तुकलेचे एक प्राध्यापक होते. त्याआधी खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरांची चित्रं काढत, मोजमापं घेत हिंडायचे. १९२५च्या मे महिन्यात ते सहकाऱ्यांना घेऊन गिंझाच्या फुटपाथवर गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे मोजायला लागले. खरोखर मोजायला. कोट कुणाचा, किमोनो कुणाचा, टोपी कसली, कॉलर कसली, मिशी आहे की नाही. पुरातत्त्ववाले जमिनीखालचं शोधतात, आम्ही जमिनीवरचं आजचं नोंदवणार, असा त्यांचा बाणा होता. आपण मराठीत त्याला 'अद्यतत्त्व' म्हणू या.

त्या मोजणीत पुरुषांपैकी ६७ टक्के पाश्चात्त्य कपड्यांत निघाले. आणि बायका? शंभरात एक. बाकी ९९ किमोनोत. हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्याच सुमाराला जपानी वर्तमानपत्रं आणि मासिकं 'मोगा' म्हणजे मॉडर्न गर्ल नावाच्या मुलींनी भरून चालली होती. आखूड केस, आखूड झगा, सिगरेट. नुसती कात्रणं वाचली तर वाटावं, गिंझावर किमोनो शोधूनही सापडत नसेल. फुटपाथवर उभं राहून मोजलं तर शंभरात एक. तरुणांच्या फॅशनबद्दल जी ओरड होते तिच्यात आणि रस्त्यावरच्या वस्तुस्थितीत किती अंतर असतं, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. पुढे प्रत्येक वेळी हेच होणार आहे.

कपड्यांवरचे नियम आणि त्यातून काढलेल्या पळवाटा जपानात जुन्याच आहेत. एदो काळात, म्हणजे साधारण १६०३ ते १८६८, व्यापाऱ्या-कारागिरांनी भपकेबाज रेशीम घालू नये, अमुक रंग वापरू नयेत, अशी फर्मानं पुन्हा पुन्हा निघत. पुन्हा पुन्हा निघत, याचाच अर्थ लोक ती पाळत नसत. शहरी माणसं बाहेरून साधा तपकिरी-करडा किमोनो घालत आणि आतलं अस्तर उंची रेशमाचं लावत. तपकिरी आणि करड्या रंगांच्या इतक्या छटा तयार झाल्या की 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे' अशी म्हणच पडली. याच काळात डच जहाजांमधून आपल्याकडचं छापील सुती कापड तिथे जाई. ते त्यांचं 'सारासा'. मद्रासजवळच्या सान थोमेवरून आलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला त्यांनी नावच 'सान्तोमे' दिलं. पट्टा हा शब्द एदोच्या रसिकपणाशी जोडला गेला त्यात कोरोमंडलच्या विणकरांचाही हात आहे. असो, त्यावर एक वेगळा भाग होईल.

मेइजी काळात हे नियम गेले आणि त्यांच्या जागी गणवेश आला. १८८६मध्ये टोकियोच्या शाही विद्यापीठाने लष्करी धर्तीचा, उभ्या गळ्याचा, पितळी बटणांचा काळा कोट विद्यार्थ्यांना दिला. पुढे तो शाळाशाळांत पसरला. मुलींच्या शाळांत १९२०च्या दशकात खलाशी पद्धतीचा, पाठीवर चौकोनी कॉलर असलेला गणवेश आला. म्हणजे मुलांना आरमारावरून नाही, पण फौजेवरून, आणि मुलींना आरमारावरून! आठवड्याचे सहा दिवस हा गणवेश, आणि शनिवारी अर्धा दिवस शाळा. स्वतःच्या मनाने कपडे घालायला उरला तो रविवार. जपानी रस्त्यावरच्या फॅशनचं निम्मं कोडं इथे सुटतं, असं मला वाटतं. जिथे रोजचा पोशाख ठरलेला असतो तिथे सुटीच्या दिवसाचा पोशाख साधा राहूच शकत नाही.

आता १९६४च्या उन्हाळ्यात येऊ. जागा पुन्हा गिंझा. तिथे मियुकी नावाचा एक रस्ता आहे. मेइजी सम्राटाची स्वारी तिथून जायची म्हणून हे नाव. त्या रस्त्यावर शाळा-कॉलेजातली मुलं घोळक्याने येऊन नुसती उभी राहू लागली. अंगात कॉलरला बटणं असलेला शर्ट, घोटे दिसतील अशी आखूड निमुळती पँट, केनेडीसारखा भांग. मुली लांब स्कर्टमध्ये. आणि बगलेत एक मोठी कागदी पिशवी किंवा तांदळाचं पोतं. ही मुलं काही करत नसत. विकत घेत नसत, भांडत नसत, घोषणा देत नसत. नुसती फिरत आणि एकमेकांना बघत. वर्तमानपत्रांनी त्यांना नाव ठेवलं 'मियुकी-झोकू'. झोकू म्हणजे जमात किंवा टोळी. याआधी १९५६मध्ये 'ताइयो-झोकू', म्हणजे सूर्याची टोळी, हा शब्द गाजला होता, इशिहारा शिंतारो या तरुण लेखकाच्या कादंबरीवरून. समुद्रावर उनाडणारी श्रीमंत पोरं तिच्यात होती, आणि तरुण पिढी वाया गेली अशी हाकाटी तेव्हाही झाली. हेच इशिहारा पुढे १९९९ ते २०१२ टोकियोचे गव्हर्नर झाले, आणि तेही कडक शिस्तीचे म्हणून. इतिहासात असा विनोद अधूनमधून असतो.

त्या पिशवीत काय असे? मुलं घरातून शाळेच्या गणवेशात निघत, गिंझाला एखाद्या कॉफीच्या दुकानाच्या स्वच्छतागृहात कपडे बदलत, आणि गणवेश पिशवीत कोंबत. संध्याकाळी उलटा प्रकार. आईबापांना पत्ता नाही.

गंमत अशी, की हे कपडे बंडखोरीचे नव्हतेच. इशिझू केन्सुके या व्यावसायिकाने 'व्हॅन' नावाची कंपनी काढून अमेरिकेतल्या जुन्या, प्रतिष्ठित विद्यापीठांतल्या मुलांचा पोशाख जपानात विकायला आणला होता. 'हेइबोन पंच' हे साप्ताहिक त्याच वर्षी निघालं आणि ते मुलांना कोणता शर्ट कसा घालायचा हे शिकवू लागलं. अमेरिकेत जो पोशाख वकिलाच्या किंवा बँकरच्या सुसंस्कृत मुलाचा, तोच टोकियोत गुंडांचा ठरला. कारण कपड्यात नव्हतं. कारण होतं, काम नसताना रस्त्यावर उभं राहण्यात.

१० ऑक्टोबर १९६४ला टोकियो ऑलिम्पिक सुरू होणार होतं. जगाचे कॅमेरे येणार, आणि गिंझावर ही पोरं. पोलिसांनी आधी खुद्द इशिझूंनाच गळ घातली, की तुम्हीच त्यांना समजवा. त्यांनी सभा घेऊन सांगितलंही. मुलं आली ती सभेत आपल्या आवडत्या कपडेवाल्याला बघायला! शेवटी सप्टेंबरमध्ये एका शनिवारी साध्या वेशातल्या पोलिसांनी गिंझावर धरपकड केली. दोनशेच्या आसपास मुलं अडवली, त्यातल्या ८५ जणांना पोलिस ठाण्यात नेलं. गुन्हा काय? सांगता येण्याजोगा नव्हताच. ऑलिम्पिक झालं, आणि मियुकी रस्ता रिकामा राहिला.

मग मुलं गेली कुठे? इथे मी व्हिडिओत नकाशा दाखवला होता, वाचणाऱ्यांसाठी शब्दांत सांगतो. टोकियोच्या पश्चिम अंगाला मेइजी देवस्थान आहे. १९२०मध्ये बांधलं. त्याच्याकडे जाणारा झाडांचा रुंद रस्ता म्हणजे ओमोतेसांदो. देवस्थानाच्या दक्षिणेला योयोगीचं मैदान. आधी ते लष्कराच्या कवायतीचं होतं. १९४५मध्ये जपान हरला आणि तिथे अमेरिकन फौजेने अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी ८००हून अधिक घरांची वसाहत बांधली, वॉशिंग्टन हाइट्स. हिरवळ, शाळा, चर्च, सगळं अमेरिकन, आणि जपानी माणसाला आत यायला बंदी. त्या कुटुंबांसाठी ओमोतेसांदोवर खेळण्यांची, भेटवस्तूंची दुकानं निघाली. १९६४मध्ये ती जमीन ऑलिम्पिकचं क्रीडाग्राम करायला परत मिळाली, आणि १९६७मध्ये तिथे सार्वजनिक बाग झाली. ज्या ऑलिम्पिकसाठी पोरांना गिंझावरून हुसकावलं, त्याच ऑलिम्पिकमुळे हाराजुकूला मोकळी जमीन तयार झाली. असं कुणी ठरवून केलं नव्हतं.

१९७०पासून टोकियोत सुटीच्या दिवशी काही रस्ते गाड्यांना बंद करून चालणाऱ्यांना खुले ठेवायची पद्धत सुरू झाली. जपानी नाव फार सुंदर आहे: 'होकोशा तेन्गोकु', पादचाऱ्यांचा स्वर्ग. हाराजुकूला हा स्वर्ग १९७७मध्ये आला. लगेचच १९७८मध्ये जवळच्या ताकेशिता गल्लीत 'ताकेनोको' नावाचं दुकान उघडलं. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोंब. तिथे भडक गुलाबी, जांभळे, हिरवे चमकदार घोळदार सदरे आणि ढगळ विजारी मिळत. दर रविवारी शेकडो शाळकरी मुलं ते घालून, गळ्यात प्लॅस्टिकच्या माळा आणि शिट्टी अडकवून, टेपरेकॉर्डरभोवती गोल करून नाचू लागली. गाणी युरोपातल्या डिस्कोची. एका जर्मन गटाचं चंगीझ खानावरचं गाणं तर त्यांचं जणू राष्ट्रगीतच झालं. पलीकडे चामडी जाकिटं आणि तेल लावून फुगवलेले केस मिरवत रॉक अँड रोलवाले वेगळा गोल करून नाचत.

ही मुलं बहुतेक टोकियोच्या आसपासच्या उपनगरांतली. सकाळच्या गाडीने येत, पिशवीतून आणलेले कपडे कुठेतरी आडोशाला बदलत, नाचत, आणि संध्याकाळी साध्या वेशात परत. त्यांच्या गटांना नावं होती, नियम होते, पायऱ्या ठरलेल्या होत्या, नवख्यांना ज्येष्ठांकडून शिकावं लागे. सहा दिवसांच्या शिस्तीतून सुटलेली मुलं सातव्या दिवशी स्वतःची शिस्त तयार करत होती. मला त्या नाचाच्या छायाचित्रांत उच्छृंखलपणा दिसत नाही. कवायत दिसते, फक्त ती त्यांनी स्वतः बसवलेली.

१९९०च्या दशकात दोन वेगळ्या वाटा फुटल्या. एक शिबुयाची. हाराजुकूपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. तिथल्या मुलींनी पिशवीच टाकून दिली आणि थेट गणवेशालाच हात घातला. याला आधीचा एक दाखला आहे. १९७०च्या दशकात 'सुकेबान' म्हणवणाऱ्या दांडगट मुलींनी गणवेशाचा स्कर्ट पार घोट्यापर्यंत लांब केला होता. आता 'कोग्यारु' मुलींनी तोच स्कर्ट कमरेशी गुंडाळून गुडघ्याच्या कितीतरी वर नेला. वीस वर्षांत मोडायचा नियम एकच, पण एका पिढीने तो खाली ओढून मोडला, दुसरीने वर ओढून. जोडीला पोटरीवर चुण्या पडलेले सैल पांढरे मोजे. ते घसरू नयेत म्हणून पायाला खास गोंद लावत, आणि तो दुकानांत सर्रास मिळे. पेजरवर आकड्यांनी बोलत: ०८४० म्हणजे 'ओहायो', सुप्रभात, १४१०६ म्हणजे 'आइशितेरु', माझं तुझ्यावर प्रेम आहे. जपानी अंकांच्या उच्चारांवरून हे शब्द जुळतात. १९९५मध्ये छोट्या चिकट फोटोंची यंत्रं आली, त्यांचे अल्बम दप्तरात आले. त्याच वर्षी 'एग' मासिक निघालं आणि रस्त्यावरच्या मुलीच त्याच्या मॉडेल झाल्या.

बाप ज्या नोकरीवर आयुष्य काढणार होता ती अर्थव्यवस्था १९९०-९१मध्ये कोसळली होती. मोठ्यांना कळेना की उद्या काय होणार. अशा वेळी वर्तमानपत्रांना आणि टीव्हीला एक सोपं लक्ष्य मिळालं: शाळकरी मुलगी. तिचा स्कर्ट, तिचा पेजर, तिची नीतिमत्ता. चर्चेला बसलेले बहुतेक प्रौढ पुरुष. १९२५चा तो शंभरात एकचा आकडा इथे मला हटकून आठवतो. दशकाच्या अखेरीला यातल्या काही मुलींनी चेहरा गडद तपकिरी रंगवला, ओठ आणि डोळ्यांभोवती पांढरा रंग, केस पिवळे-पांढरे. लोकांनी त्यांना 'यामान्बा' म्हटलं, म्हणजे लोककथेतली डोंगरातली चेटकीण. जपानात गोऱ्या कातडीचं कौतुक किती जुनं आहे हे ठाऊक असेल तर यातली चपराक कळते. वधू-वर सूचक जाहिराती वाचून वाढलेल्या आपल्या लोकांना ती अधिकच कळावी.

दुसरी वाट हाराजुकूच्याच गल्ल्यांमधून गेली. मुलग्यांचं टी-शर्ट आणि बुटांचं जग मागच्या गल्ल्यांत, १९९३मध्ये उघडलेल्या 'नोव्हेअर' या छोट्या दुकानाभोवती वाढलं आणि पुढे जगभरच्या बड्या ब्रँडांत मिसळून गेलं. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी थांबत नाही. मला थांबायचंय लॉलिटा पोशाखापाशी. नावावरून गैरसमज होतो. प्रत्यक्षात हा पोशाख म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, खाली फुगवलेले परकर, गळ्यापर्यंत बंद ब्लाउज, लेस, टोपडं. जुन्या युरोपातल्या श्रीमंत घरच्या बाहुलीसारखा. कातडी जवळजवळ दिसत नाही. या मुली सांगत आल्या आहेत की हे पुरुषांनी बघावं म्हणून नाही, आम्हाला आवडतं म्हणून. कपडे महाग, म्हणून अनेकजणी स्वतः शिवत. २००१मध्ये निघालेल्या 'गॉथिक अँड लॉलिटा बायबल' या नियतकालिकात शिवणकामाचे कागदी नमुने येत. दुसरीकडे 'डेकोरा'वाल्या मुली स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, खेळणी, माळा अंगावर इतक्या लादत की चालताना आवाज व्हावा.

हे सगळं आज आपल्याला दिसतं ते मुख्यतः एका माणसामुळे. आओकी शोइची. १९८५पासून ते लंडन-पॅरिसच्या रस्त्यांवरचे फोटो 'स्ट्रीट' मासिकात छापून जपानी वाचकांना दाखवत. नव्वदच्या मध्याला त्यांच्या लक्षात आलं, की आता बघण्यासारखं घरासमोरच घडतंय. जुन्या किमोनोचा पट्टा, पाश्चात्त्य झगा, सेकंडहँड जाकीट, सगळं एकाच अंगावर, आणि कुणाची नक्कल नाही. १९९७मध्ये त्यांनी 'फ्रूट्स' काढलं. पद्धत साधी. रस्त्यावर मूल उभं करायचं, डोक्यापासून बुटांपर्यंत एक फोटो, खाली वय, काय करतेस, कोणता कपडा कुठून घेतला. कोन वाजिरोंची वही आणि आओकींचा कॅमेरा, दोघांचं काम एकच. ही मुलं चांगली की वाईट, हे दोघांनीही विचारलं नाही. या मुलांनी स्वतःबद्दल फार थोडं लिहून ठेवलंय, आणि बाकीची कागदपत्रं पोलिसांची किंवा संपादकांची. म्हणून 'दुकान: नाही, मीच शिवलं' अशा प्रकारची फोटोखालची छोटीशी नोंद इतिहासकाराला सोन्यासारखी.

पण तोवर स्वर्गाचे दिवस भरत आले होते. आवाज, कचरा, वाहतूक यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९९८मध्ये हाराजुकूचा पादचाऱ्यांचा स्वर्ग कायमचा बंद झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये युनिक्लोचं मोठं दुकान हाराजुकूत उघडलं. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण एका वर्षात रस्ता गेला आणि स्वस्त, एकसारख्या कपड्यांचं दुकान आलं. २००८मध्ये एच अँड एम आलं. मुली देवस्थानाजवळच्या पुलावर जमत राहिल्या, आता त्यांच्याभोवती पर्यटकांचे कॅमेरे जास्त.

आणि मग सरकार आलं, पण या वेळी पोलिस घेऊन नाही. २००९मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तीन तरुणींना 'कावाई', म्हणजे गोडव्याच्या, राजदूत म्हणून नेमलं. त्यातल्या आओकी मिसाको लॉलिटा पोशाखात देशोदेशी गेल्या. त्या पेशाने परिचारिकाही होत्या. ४५ वर्षांपूर्वी जगाला दिसू नयेत म्हणून पोरं उचलली होती, आता जगाला दाखवायला कपडे निर्यात होत होते. यात प्रगती आहेच, मी नाकारत नाही. फक्त हाराजुकूचा रस्ता मुलांना परत मिळाला नाही.

२०१७च्या सुरुवातीला, २३३ अंकांनंतर, आओकींनी 'फ्रूट्स' थांबवलं. फोटो काढावेत अशी मुलं आता रस्त्यावर उरली नाहीत, असं कारण त्यांनी दिलं. त्याच वर्षी 'केरा'चा छापील अंक बंद झाला, 'गॉथिक अँड लॉलिटा बायबल'ही. कपडे संपले असं मात्र नाही. ते फोनच्या पडद्यावर गेले, आणि मुलं एकमेकींना तिथे भेटू लागली.

जी पडद्यावर मावली नाहीत ती शिंजुकूला गेली. तिथल्या काबुकिचो भागात तोहो कंपनीच्या सिनेमागृहाची इमारत आहे. गेल्या काही वर्षांत तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत किशोरवयीन मुलं बसलेली दिसतात. 'तोहोच्या बाजूची' म्हणून त्यांना 'तोयोको' म्हणतात. मुलींच्या अंगावर बरेचदा 'जिराइ' म्हणजे भूसुरुंग नावाची शैली: काळा-गुलाबी झालरीचा ब्लाउज, डोळ्यांखाली रडल्यासारखी लाल छटा. यातली कित्येक मुलं घर सोडून आलेली आहेत. बरोबर चाकांची बॅग असते, आणि तिच्यात सगळेच कपडे असतात, कारण संध्याकाळी परत जायचं नसतं. टोकियोचे पोलिस तिथे अधूनमधून एकाच वेळी फेरी काढून अल्पवयीन मुलांना गोळा करतात. या मुलांना खरोखरच धोका आहे, हे १९६४पेक्षा वेगळं. गोळा केल्यावर त्यांना कुठे न्यायचं, याचं उत्तर मात्र अनेकदा 'घरी' एवढंच असतं, आणि त्यातली बरीच मुलं घरातूनच पळालेली असतात.